इटालियन शब्द तोडायचा कुठे आणि जोर द्यायचा कशावर: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मिलानच्या तिकीट खिडकीपाशी मी तीन वेळा "पादोवा" म्हटलं आणि तिन्ही वेळा काचेपलीकडच्या माणसाने "कुठे?" असंच विचारलं. मागे रांग वाढत होती. शेवटी मी कागदावर नाव लिहून सरकवलं. त्याने वाचलं, मान हलवली आणि मोठ्याने म्हणाला, "आ, पादोवा!" तेच नाव, तीच अक्षरं. गाडीत बसल्यावर मी ते मनात घोळवत राहिले तेव्हा कुठे उलगडलं. तो "पा"वर जोर देत होता, मी "दो"वर.

इटालियनचं स्पेलिंग सरळ आहे. कुठल्या अक्षराचा उच्चार काय, हे आठवड्याभरात बसतं आणि मग वाटतं की आता काहीही वाचता येईल. पण जोर कुठे द्यायचा हे बहुतेक शब्दांत लिहिलेलंच नसतं. तिथे माणूस अडकतो. मी ज्या घरात भाड्याने राहत होते तिथल्या आजींचा नातू दुसरीत होता. त्याला गृहपाठ असायचा तो शब्द तोडायचा: वहीत शब्द लिहायचा आणि मध्ये आडव्या रेघा मारायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्याच्या शेजारी बसून तेच करायला लागले आणि दोन महिन्यांत माझं बोलणं लोकांना कळायला लागलं. त्यात जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जवळ ठेवा

- रेघी वही आणि पेन्सिल. खोडावं लागतं, म्हणून पेन नको.
- आघात दाखवणारा इटालियन शब्दकोश. त्रेक्कानीचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि मूळ शब्दावरच आघाताची खूण असते. उच्चारासाठीच काढलेला कोश हवा असेल तर राय या सरकारी प्रसारण संस्थेचा "डॉप" आहे, त्याची पहिली आवृत्ती १९६९ सालची. इटालियन-इंग्रजी खिशातले कोश घेताना आधी पाहून घ्या, काहींत आघात दिलेलाच नसतो.
- मोबाइलमधलं रेकॉर्डिंग. स्वतःचा जोर स्वतःला बोलताना ऐकू येत नाही, परत ऐकताना येतो.

या लेखातली खूण अशी: सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे शब्दाचे तुकडे, आडव्या रेघेने तोडले आहेत आणि ज्याच्यावर जोर आहे त्याच्या आधी ' अशी छोटी रेघ दिली आहे. म्हणजे "अमीको", अर्थात मित्र, हा आ-'मी-को. आघातासाठी मी कधी "जोर" म्हणेन, कधी "आघात", अर्थ एकच. देवनागरीत लिहिलं आहे ते समजण्यापुरतं. वहीत मात्र रोमन स्पेलिंगच लिहा, नाहीतर पुढे अडेल.

पायरी १: स्वर मोजा, पण ऐकून मोजा

प्रत्येक सिलॅबलला एक स्वर लागतो. 'ता-वो-लो (टेबल) मध्ये तीन स्वर, तीन सिलॅबल. टेबलावर बोटाने टकटक करत म्हणा. नातवाच्या बाईंनी वर्गात आणखी एक युक्ती शिकवली होती: हनुवटीखाली पालथा हात धरायचा आणि शब्द म्हणायचा. जितक्या वेळा हनुवटी हाताला टेकते तितके सिलॅबल. लहान मुलांची युक्ती आहे, पण मोठ्यांनाही तितकीच लागू पडते.

इथे पहिला खड्डा आहे. स्पेलिंगमध्ये दिसणारा प्रत्येक "आय" उच्चारला जात नाही. सी, जी, एस-सी यांच्या पुढे आणि दुसऱ्या स्वराच्या आधी तो आला की त्याचं काम फक्त व्यंजन मऊ करायचं. "जोर्नो" (दिवस) च्या स्पेलिंगात जी-नंतर आय आहे, पण तो बोलायचा नाही: 'जोर्-नो, दोनच सिलॅबल. "चाओ" लिहिताना त्यात तीन स्वर दिसतात, पण तो एका दमात म्हणतात. आपल्याकडचे बरेच जण "चियाओ" म्हणतात, ते टाळा.

पायरी २: व्यंजनं वाटून द्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: 'का-सा (घर), आ-'मी-को. एवढं आपोआप जमतं.

दोन किंवा जास्त व्यंजनं असतील तर स्वतःला एक प्रश्न विचारा: या जोडीने इटालियन शब्द सुरू होऊ शकतो का? होत असेल तर जोडी अखंड पुढे जाते, नसेल तर मधून तुटते. "ब्र"ने "ब्रावो" सुरू होतो, म्हणून 'ली-ब्रो (पुस्तक). "र्त"ने काहीच सुरू होत नाही, म्हणून 'पार्-ते (भाग). याच न्यायाने आ-'प्री-ले (एप्रिल), 'आल्-तो (उंच), 'काम्-पो (शेत), 'तान्-तो (पुष्कळ). तीन व्यंजनं असली तरी प्रश्न तोच: 'सेम्-प्रे (नेहमी), 'आल्-त्रो (दुसरा), इन्-'ग्ले-से (इंग्रज). कोशात न पाहता नव्वद टक्के शब्द या एका प्रश्नावर तुटतात, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या लिपीची गोष्ट. देवनागरी जोडाक्षर नेहमी पुढच्या स्वराला चिकटवते. "पार्ते" लिहिताना रफार "ते"च्या डोक्यावर जाऊन बसतो, त्यामुळे डोळ्याला पा-र्ते दिसतं. पण तोंड पार्-ते असंच म्हणतं. मराठीतलं "सर्व" सावकाश म्हणून पाहा, "सर्" आधी संपतो. अनुस्वाराच्या बाबतीत मात्र लिपी आपल्या बाजूने आहे: तांतो लिहिलं की टिंब पहिल्याच अक्षरावर राहतं, जिथे ते इटालियनमध्ये असायला हवं.

आणि मग "स". 'पा-स्ता, 'फे-स्ता (सण), फी-'ने-स्त्रा (खिडकी). एस-नंतर व्यंजन आलं तर एस पुढेच जातो, कारण "स्त"ने शब्द सुरू होतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर पास्-ता असं तोडणं चूक धरतात. भाषाशास्त्रातले लोक म्हणतात की बोलताना हा एस खरं तर आधीच्या सिलॅबललाच टेकतो, आणि "पास्ता"तला पहिला "आ" आखूड राहतो हा त्याचा पुरावा. ते खरंही आहे. तुम्ही वहीत शाळेचा नियम पाळा, कानाने आखूड स्वर ऐका, दोन्हींत भांडण लावू नका.

काही आवाज स्पेलिंगात दोन-तीन अक्षरांनी लिहितात, पण ते एकच व्यंजन आहेत. ते कधीही तोडायचे नाहीत: 'बा-न्यो (आंघोळ, न्हाणीघर) यातला जी-एन, 'फी-ल्यो (मुलगा) यातला जी-एल-आय, 'पे-शे (मासा) यातला एस-सी, आ-'मी-के (मैत्रिणी) यातला सी-एच.

उरलं द्वित्त. दुहेरी व्यंजन नेहमी मधून तुटतं: 'गात्-तो (मांजर), 'पेन्-ना (पेन), बेल्-'लीस्-सी-मो (फार सुंदर). "आक्क्वा" म्हणजे पाणी, त्यात सी आणि क्यू अशी वेगळी अक्षरं लिहितात तरी नियम तोच: 'आक्-क्वा.

इथे मराठी माणूस इतरांपेक्षा पुढे आहे. इंग्रजी मातृभाषेच्या माझ्या वर्गमित्रांना "पाला" आणि "पाल्ला" यातला फरक महिनोन्‌महिने ऐकू येत नव्हता. पहिला म्हणजे फावडं, दुसरा म्हणजे चेंडू. आपल्याकडे झाडाचा पाला आणि लांबचा पल्ला आहेच की! नीट ऐका: "पाला"त पहिला स्वर लांब आणि ल हलका, "पल्ला"त पहिला स्वर आखूड आणि जीभ ल्‌वर क्षणभर थांबते. इटालियनमध्ये हुबेहूब तेच होतं, फक्त तिथे "अ" नसून आखूड "आ" असतो. शाळेत वृत्तं शिकताना जोडाक्षरामागचं अक्षर गुरू मोजायचं, असं घोकलं होतं ना? त्याचं कारण हेच. पहिला सिलॅबल व्यंजनाने बंद होतो आणि जड होतो. लघु-गुरू ज्याच्या कानात बसले आहेत त्याला इटालियनचे उघडे आणि बंद सिलॅबल वेगळे शिकावे लागत नाहीत.

सवय असूनही घाईत द्वित्त सुटतं. एक शब्द तर मुद्दाम घोकून ठेवा. वर्षाला 'आन्-नो म्हणतात. वय सांगताना "ओ वेन्ती आन्नी" (मी वीस वर्षांची आहे) मधला न्‌ दुहेरी झालाच पाहिजे. एकेरी झाला तर त्याचा अर्थ गुदद्वार होतो. ऑफिसात फॉर्म भरताना हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलावं लागतं.

पायरी ३: दोन स्वर शेजारी आले तर

ए, ई, ओ ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे आ, ए, ओ हे उच्चार, हे बळकट स्वर. इ आणि उ हे दुबळे. दोन बळकट शेजारी आले तर ते वेगवेगळे राहतात: ते-'आ-त्रो (नाटकगृह), पा-'ए-से (देश, गाव), पो-'ए-ता (कवी).

दुबळा बळकटाच्या शेजारी आला तर दोघे मिळून एक सिलॅबल करतात. ही आपली यण्‌ संधी समजा: अति आणि अंत मिळून अत्यंत, सु आणि आगत मिळून स्वागत. इ-चा य होतो, उ-चा व. तसंच 'प्ये-दे (पाय), 'फ्यो-रे (फूल), 'ब्वो-नो (चांगला). मला हे सुचलं त्या दिवशी निम्मा गोंधळ संपला. दुबळा मागून आला तर तो बळकटाला नुसता टेकतो: 'आउ-तो (गाडी), एउ-'रो-पा, 'लेइ (ती).

अट एकच: त्या इ किंवा उ-वरच आघात असेल तर संधी होत नाही. म्हणून पुरुषाचं नाव 'मा-र्यो, पण बाईचं मा-'री-आ. फ्रान्स देश 'फ्रान्-चा, पण औषधाचं दुकान फार्-मा-'ची-आ. भीती म्हणजे पा-'ऊ-रा, पाउ-रा नाही. पहिल्या पायरीत मी आय गिळायला सांगितला होता, तो "फार्माचीआ"त का उच्चारला याचं उत्तरही इथेच आहे: त्याच्यावर जोर आहे.

मेख अशी की तोडण्यासाठी आघात माहीत हवा आणि आघात सांगण्यासाठी तोडता यायला हवं. बाकी सगळीकडे तोडणं आधी, फक्त या एका जागी कोश आधी उघडा.

पायरी ४: जोर म्हणजे तोंडाने नक्की काय करायचं

मराठीत जोर हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला तो कुठे आहे हे शोधायची सवय नाही. इटालियनमध्ये आघाताचा सिलॅबल थोडा मोठ्याने येतो आणि तो उघडा असून शब्दाच्या शेवटी नसेल तर त्याचा स्वर लांबतो. 'का-सा मध्ये "का" स्पष्ट लांब, "सा" आखूड. 'गात्-तो मध्ये "गा" आखूड, कारण सिलॅबल बंद आहे.

मराठी बोलणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे शब्दाचा शेवटचा स्वर ओढणं. देवनागरीत शेवटचा इ आणि उ दीर्घ लिहितात, तीच सवय जिभेला. "मिलानोऽ", "ग्रात्स्येऽ" असं ओढलं की ऐकणाऱ्याला शेवटी आघात वाटतो. शेवट आखूड ठेवा, पण गिळू नका. आपण बोलताना शेवटचा अ गिळतो, इटालियन कुठलाच स्वर गिळत नाहीत.

पायरी ५: शेवटून मोजायला शिका

इटालियन लोक आघात शब्दाच्या शेवटाकडून मोजतात आणि प्रत्येक प्रकाराला नाव आहे.

शेवटच्या सिलॅबलवर असेल तर तो शब्द "त्रोंका", म्हणजे तोडलेला: चित्-'ता (शहर), काफ्-'फे.

शेवटून दुसऱ्यावर असेल तर "प्याना", म्हणजे सपाट: 'का-सा, आ-'मी-को. बहुतेक शब्द या प्रकारात येतात, म्हणून शंका असेल तेव्हा इथे जोर देऊन पाहणं फायद्याचं. मी पादोवाला तेच केलं होतं. त्या मार्गावरची नावं पाहा: मी-'ला-नो, 'ब्रे-शा, दे-सेन्-'त्सा-नो, पे-'स्क्ये-रा, वे-'रो-ना, वी-'चेन्-त्सा, आणि पुढे 'मे-स्त्रे, वे-'ने-त्स्या. ओळीने सगळी प्याना. मधलं एकटं 'पा-दो-वा वेगळं.

शेवटून तिसऱ्यावर असेल तर "झ्द्रुच्चोला", म्हणजे निसरडा, कारण जोर दिल्यावर पुढचे दोन सिलॅबल घसरत जातात: 'ता-वो-लो, 'मू-सी-का, 'माक्-की-ना (यंत्र, गाडी), ते-'ले-फो-नो. हे नाव स्वतःही निसरडंच आहे: 'झ्द्रुच्-चो-ला. खरी मेहनत या गटावर घ्यावी लागते. शहरांची नावं तर ढिगाने आहेत: 'ना-पो-ली, 'जे-नो-वा, 'मो-दे-ना, 'बेर्-गा-मो, 'ऊ-दी-ने, 'ब्रीन्-दी-सी. यातल्या अनेकांना आपण, इंग्रजीतून आलेले, मधोमध जोर देतो.

याहूनही मागे जाता येतं, ते क्रियापदांत येईलच.

पायरी ६: खूण असेल तर तिचा मान राखा

आघाताची खूण सक्तीने लिहितात ती शेवटच्या सिलॅबलवर जोर असेल तेव्हाच. आठवड्याचे वार घ्या. सोमवार ते शुक्रवार शेवटच्या आय-वर खूण असते आणि जोर तिथेच: लू-ने-'दी, मार्-ते-'दी, मेर्-को-ले-'दी, जो-वे-'दी, वे-नेर्-'दी. शनिवार 'सा-बा-तो आणि रविवार दो-'मे-नी-का, हे दोन्ही निसरडे, आणि त्यांच्यावर खूण नाही.

खूण म्हणजे नक्षी नाही. 'पार्-लो म्हणजे मी बोलतो, पार्-'लो म्हणजे तो बोलला. 'पा-पा म्हणजे पोप, पा-'पा म्हणजे बाबा. आपल्या मुलांना इथे विशेष जपा, कारण मराठी "पप्पा" इटालियन कानाला 'पाप्-पा ऐकू येतं आणि त्याचा अर्थ बाळाला भरवायचं खिमट.

एकाच सिलॅबलचे काही शब्दही खूण घेतात, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दापासून ओळखू यावेत म्हणून. खूण असलेला "ए" म्हणजे आहे, बिनखुणेचा म्हणजे आणि. तसंच "दा": खुणेसह देतो, खुणेविना पासून. "सी": खुणेसह हो, खुणेविना स्वतःला. "क्वी" आणि "क्वा" (इथे) यांना मात्र खूण कधीच नाही. लेखी परीक्षेत ती हमखास चुकून दिली जाते.

ई या अक्षरावरची रेघ दोन दिशांची असते. "पेर्के" (का, कारण) आणि त्याच्यासारख्या शब्दांत ती उजवीकडे चढते, "ए" (आहे), "काफ्फे" आणि चहाच्या "ते"वर उजवीकडे उतरते. चढती असेल तर ए बंद तोंडाचा, उतरती असेल तर उघडा, साधारण ॲकडे झुकणारा. आणि "थोडं" या अर्थाचा "पो" खुणेने लिहायचा नाही, त्याला अपॉस्ट्रॉफी लागते, कारण तो 'पो-को चा तोडलेला भाग आहे.

पायरी ७: खूण नसेल तर शेपूट पाहा

शब्दाच्या शेपटावरून बरंच कळतं. वहीचं एक पान यालाच द्या.

-त्स्योने: जोर कायम "त्स्यो"वर. स्ता-'त्स्यो-ने (स्टेशन), ले-'त्स्यो-ने (धडा).
-मेन्ते: लेन्-ता-'मेन्-ते (हळूहळू).
-ईस्सीमो, -आबीले, -ईबीले: निसरडे. पोस्-'सी-बी-ले (शक्य).
-लोगो, -ग्राफो, -मेत्रो: त्याच्या आधीच्या सिलॅबलवर. फो-'तो-ग्रा-फो, तेर्-'मो-मे-त्रो.
-एरीआ, म्हणजे दुकानांची नावं: जोर "री"वर. पीत्-त्से-'री-आ.
-ईको: बहुतेक निसरडे, सीम्-'पा-ती-को (मनमिळाऊ). पण आ-'मी-को, ने-'मी-को (शत्रू) आणि आन्-'ती-को (प्राचीन) वेगळे. मित्र, शत्रू, प्राचीन, हे तीन लक्षात ठेवलेत की रोजचं काम भागतं.

शेपूट ओळखीचं नसेल तर शेवटून दुसरा सिलॅबल बंद आहे का ते पाहा. बंद असेल तर जोर जवळजवळ नक्की तिथे: फी-'रेन्-त्से, पा-'लेर्-मो. पुन्हा आपला गुरू! हा नियम लॅटिनचा. तिथे शेवटून दुसरा सिलॅबल जड असेल तर आघात त्याच्यावर, हलका असेल तर एक घर मागे. अपवाद मोजके आहेत, 'मान्-दोर्-ला (बदाम) आणि 'ता-रान्-तो हे गाव.

कुठलाच आधार नसेल तर अंदाज करू नका, कोश उघडा. नवा शब्द वहीत लिहिताना त्याच क्षणी जोराच्या स्वराखाली टिंब द्या. अर्थ माहीत आणि जोर माहीत नाही, असा शब्द मी अर्धाच शिकलेला धरते. एकदा चुकीचा बसला की काढायला फार वेळ लागतो. मला एका "अजून"साठी वर्ष लागलं: आन्-'को-रा म्हणजे अजून, 'आन्-को-रा म्हणजे जहाजाचा नांगर.

अशा जोड्या आणखीही आहेत. 'प्रीन्-ची-पी राजपुत्र, प्रीन्-'ची-पी तत्त्वं. 'सू-बी-तो लगेच, सू-'बी-तो सोसलेलं. 'लेज्-जे-रे वाचणं, लेज्-'जे-रे हलक्या. छापील मजकुरात दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, संदर्भाने ओळखायचे. खुद्द इटालियन लोकांचंही काही शब्दांवर एकमत नसतं. "रुब्रीका" (फोन नंबरांची वही) बरेच जण पहिल्या सिलॅबलवर जोर देऊन म्हणतात, कोश रू-'ब्री-का सांगतात. तुम्ही कोशाबरोबर राहा.

पायरी ८: क्रियापदांचा सापळा

"ते बोलतात" म्हणजे 'पार्-ला-नो. पार्-'ला-नो नाही! जवळजवळ प्रत्येक नवखा इथे घसरतो, कारण शब्द प्याना दिसतो. नियम सोपा आहे: "मी"च्या रूपात जिथे जोर, तिथेच "ते"च्या रूपात. 'पार्-लो, म्हणून 'पार्-ला-नो. 'दी-को (मी म्हणतो), म्हणून 'दी-को-नो. 'आ-बी-तो (मी राहतो), म्हणून 'आ-बी-ता-नो, आणि इथे जोर शेवटून चौथ्यावर गेला. ते-'ले-फो-नो (मी फोन करतो), म्हणून ते-'ले-फो-ना-नो. "आम्ही" आणि "तुम्ही"त मात्र तो शेवटून दुसऱ्यावर येतो: पार्-'ल्या-मो, पार्-'ला-ते.

मागे सर्वनाम चिकटलं तरी आघात जागचा हलत नाही. 'फाब्-ब्री-का-मे-लो, म्हणजे "ते मला बनवून दे", यात जोर शेवटून पाचव्यावर आहे.

मूळ रूपांपैकी -आरे आणि -ईरे बिनधोक: पार्-'ला-रे, दोर्-'मी-रे (झोपणं). -एरे मात्र दोन्हीकडचं: वे-'दे-रे (पाहणं), पण 'लेज्-जे-रे (वाचणं), 'प्रेन्-दे-रे (घेणं). ही एकेक करून पाठच करावी लागतात.

आणि स्पेलिंग तेच ठेवून तीन अर्थ देणारा हा शब्द. नातवाच्या आजींनी तो मला टेबलावर बोट आपटत शिकवला: 'का-पी-ता-नो म्हणजे घडतात, का-पी-'ता-नो म्हणजे कॅप्टन, का-पी-ता-'नो म्हणजे त्याने नेतृत्व केलं. तिसऱ्यावर खूण लिहितात, पहिल्या दोघांवर नाही. बोट आधी डावीकडे, मग मध्ये, मग उजवीकडे आपटायच्या त्या. आजही हा शब्द आला की मला टेबलावरचा तो आवाज ऐकू येतो.

पायरी ९: शब्द वाक्यात जोडले की

अपॉस्ट्रॉफीने जोडलेले शब्द एकच समजून तोडा. "मित्र"ला उपपद लागलं की ला-'मी-को, थांबायचं नाही. "कलेचा" म्हणजे देल्-'लार्-ते.

तस्कानी, रोम आणि दक्षिणेत "आ कासा" (घरी) हे आक्-'का-सा असं दुहेरी ऐकू येईल. काही छोट्या शब्दांनंतर आणि शेवटी आघात असलेल्या शब्दांनंतर पुढचं व्यंजन तिथे दुप्पट होतं. उत्तरेत हे सहसा ऐकू येत नाही. ओळखता आलं तरी पुरे, मुद्दाम करायची गरज नाही.

पायरी १०: हा सराव करून पाहा

बोलोन्याहून समुद्राच्या बाजूने आंकोनाला जाणारी गाडी धरा. वाटेत क्रमाने ही स्टेशनं येतात: बोलोन्या, ईमोला, फाएन्त्सा, फोर्ली, चेसेना, रीमीनी, पेसारो, सेनीगाल्ल्या, आन्कोना. आघाताचे तिन्ही मुख्य प्रकार या एका मार्गावर सापडतात. खालचं झाकून आधी वहीत तोडा, मग जोर द्या, मग मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करा.

बो-'लो-न्या: जी-एन तुटत नाही. प्याना.
'ई-मो-ला: निसरडं.
फा-'एन्-त्सा: दोन बळकट स्वर वेगळे, आणि दुसरा सिलॅबल बंद. प्याना.
फोर्-'ली: लिहिताना शेवटच्या आय-वर खूण. त्रोंका.
चे-'से-ना: प्याना.
'री-मी-नी: निसरडं. इथे शेवटचा "नी" ओढू नका.
'पे-सा-रो: निसरडं. संगीतकार रोस्सीनी १७९२ साली इथेच जन्मला.
से-नी-'गाल्-ल्या: ल्‌ दुहेरी आणि पुढे यण्‌ संधी, दोन्ही एकदम. प्याना.
आन्-'को-ना: जोर "को"वर, "अजून"मध्ये आहे तिथेच.

सहा-सातांच्या वर बरोबर आली तर तिकीट खिडकीवर कागद लागणार नाही. कमी आली तर पायरी २ पुन्हा काढा आणि हनुवटीखाली हात धरून एकेक नाव म्हणा.